बेणारेबाईंना झालेली शिक्षा योग्य होती का?

तुम्ही विचारलंय की विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातल्या शिक्षिका लीला बेणारेने संसारी प्राध्यापक दामल्यांशी संबंध ठेवले आणि ते लपवले, मग तिला झालेली शिक्षा त्या गुन्ह्याच्या मानाने योग्य म्हणायची की जास्त.

मी सांगलीत वकिली करतो. इथे भावे नाट्यमंदिरात स्पर्धेची नाटकं बघत मोठं झाल्यावर नाटकाबद्दल गप्प बसणं जमत नाही, आणि कोर्टाचं नाटक असेल तर मी कलमं मोजत बघतो.

जास्त-कमीचा हिशेब करायला आधी गुन्हा तर सापडला पाहिजे. नाटक साठच्या दशकातलं, म्हणजे तेव्हाचा भारतीय दंडविधानच धरू. व्यभिचाराचं कलम 497 तेव्हा फक्त पुरुषाला लागायचं, आणि तेही बाई दुसऱ्या कुणाची बायको असली तरच. बेणारे अविवाहित. म्हणजे कायद्याने तिचाही गुन्हा नाही आणि दामल्यांचाही नाही. तिच्याच नाट्यमंडळीने खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात आरोप ठेवलाय भ्रूणहत्येचा, खुनाच्या कलम 302 खाली. पण मूल तर पोटात आहे! त्याला बापाचं नाव मिळावं म्हणून ही बाई मंडळीतल्याच पोंक्षेला, रोकडेला लग्नाचं विचारत फिरली. ज्याला जगवायची एवढी धडपड, त्याच्याच हत्येचा आरोप.

आता निकाल बघा. न्यायाधीश झालेले काशीकर सुनावतात की तू जगशील, पण तुझ्या पोटातला गर्भ नष्ट केला जाईल. आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षाही भ्रूणहत्येचीच. त्या काळी गर्भपात मुळात गुन्हाच होता, सवलत देणारा कायदा 1971 साली आला. बाईच्या संमतीशिवाय केला तर कलम 313, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. हा निकाल अमलात आणला असता तर आरोपीच्या पिंजऱ्यात खुद्द न्यायाधीशांनाच उभं करावं लागलं असतं.

आणि खटला तरी कसा चालतो? सरकारी वकील सुखात्मे, आरोपीचे वकीलही सुखात्मेच. फिर्यादीच्या वेळी आवाज चढवणारा हा माणूस बचावाला उभा राहतो तेव्हा पडेल चेहऱ्याने गुन्हा कबूल करून फक्त दयेची भीक मागतो. वकील म्हणून ते बघताना मला फार ओशाळल्यासारखं होतं. काशीकर तर न्यायासन सोडून स्वतः साक्षीला उतरतात, शाळेच्या चेअरमनकडे कानावर पडलेलं सांगतात आणि परत जाऊन निकाल देतात. उलटतपासणी कोण घेणार? साक्षीदार म्हणून उभा केलेला गावातला सामंत जे सांगतो ते त्याने हातातल्या कादंबरीतून उचललेलं असतं, तेही चालून जातं.

‘पण हा तर खेळ होता,’ असं शेवटी ती मंडळीही म्हणतात. शाळेतली नोकरी मात्र खरीच जाणार असते आणि बाईंच्या पर्समधली टिक-ट्वेंटी या ढेकणांच्या विषाची बाटलीही खरीच असते.

एक गोष्ट मी बाईंच्या खात्यावर मांडीन. दामल्यांच्या घरी बायको-मुलं होती, त्यांच्यावर अन्याय झालाच. त्याचा जाब कुणी विचारायचा असेल तर त्या बायकोने. तिला साक्षीला कुणी बोलावलं नाही. दामल्यांच्या नावाचा पुकारा बचावाच्या वेळी झाला, ते गैरहजर, आणि पुढचा साक्षीदार पुकारला गेला. निकालात त्यांना साधी ताकीदही नाही.