पुढाकार हवा असेल तर आधी सहीचं बघा

तुमचा प्रश्न असा की फेयॉलने सांगितलेल्या व्यवस्थापनाच्या 14 तत्त्वांत शिस्त, एकच वरिष्ठ, आदेशाची साखळी हे सगळं आहे आणि तेराव्या क्रमांकावर पुढाकारही आहे, मग दोन्ही एकत्र कसं जमायचं? आणि तुमच्या खात्यात तर विचारल्याशिवाय पान हलत नाही.

हेन्री फेयॉल 1860 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्समधल्या कोमाँत्रीच्या कोळसा खाणीत इंजिनिअर म्हणून लागला. पुढच्याच वर्षीची त्याची एक नोंद आहे. खाणीच्या सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. त्याने दुसऱ्या घोड्यासाठी चिठ्ठी लिहिली, तबेलेवाल्याने ती घेतली नाही. संचालकांची सही नव्हती. संचालक हजर नव्हते आणि त्यांच्या जागी कोणाला नेमलंही नव्हतं. त्या पातळीचं उत्पादन बुडालं. यात तबेलेवाल्याचं काही चुकलं नाही, त्याला तसा हुकूमच होता. काम शिस्तीमुळे नाही, अधिकार कोणाकडेच सोपवला नव्हता म्हणून अडलं.

1916 मध्ये तत्त्वं मांडताना त्याने साखळीला एक आडवा पूल दिला तो यासाठीच. दोन खात्यांतले बरोबरीचे लोक थेट बोलून काम उरकू शकतात. अट एवढीच, की वरिष्ठांची याला संमती हवी आणि जे ठरलं ते त्यांना लगेच कळवायचं. परीक्षेच्या उत्तरांत ही अट बहुतेक जण गाळतात, पण सगळी गंमत तिथेच आहे.

तुमच्याकडे याचा अर्थ असा: प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने मेंटेनन्सला थेट सांगावं. किती रुपयांपर्यंतचा स्पेअर पार्ट न विचारता मागवायचा आणि तुम्ही रजेवर असताना सही कोणाची, हे नावानिशी लिहून लावा. सेफ्टी इंटरलॉकला (धोका असताना यंत्र चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) हात लावण्याची मुभा मात्र कोणालाच नाही, तेही तिथेच लिहा. सूचनापेटीच्या नादी लागू नका. चिठ्ठी टाकून वाट बघणं म्हणजे पुन्हा परवानगीच मागणं.

अवघड भाग साहेबांचा आहे. हाताखालच्यांना पुढाकाराचं समाधान मिळावं म्हणून वरिष्ठाने स्वतःचा अहंकार थोडा बाजूला ठेवायला हवा, असं फेयॉलनेच म्हटलंय. कोणी निर्णय घेतला की "मला का नाही विचारलं?" असं साहेब म्हणाले, की पुढचे सहा महिने सगळे विचारूनच करतात.

सुरुवात खरेदीच्या मर्यादेपासून करा. रक्कम लहान असली तरी चालेल. त्या मर्यादेतल्या खर्चासाठी कोणी सही मागायला आलं, तर सही न करता परत पाठवा.