दिवसा लागलेला दिवा

प्रश्न : मुलीकडे ब्रुसेल्सला गेलो होतो. जावईबापूंनी रेने माग्रित या चित्रकाराचं म्युझियम दाखवलं. तीन मजले भरून त्याचीच चित्रं. एकाचं पोस्टकार्ड आणून फ्रिजवर लावलंय. वर भरदिवसाचं निळं आकाश, खाली काळोखातलं घर आणि जळता दिवा. येणारा प्रत्येकजण अर्थ विचारतो. आमचे हे म्हणतात, 'अर्थ कसला? आपल्या गल्लीतला खांबही दिवसभर जळतो.' सर, मला खरंच कळलं नाही हो. काय सांगू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, यजमानांना माझा नमस्कार सांगा. चित्र त्यांच्यापर्यंत पोचलंय, फक्त ते कबूल करत नाहीत.

मी बत्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरीला बसणाऱ्या पोरांना एकच गोष्ट सांगून घसा कोरडा व्हायचा : आधी उजेड कुठून येतो ते ठरव, मग सावली टाक. माग्रितचं हे चित्र तपासायला आलं असतं तर मी लाल पेन उचललाच असता. पण मार्क कापणार कुठे? आकाश बरोबर, ढग बरोबर. घर, झाडांचा काळा आकार, दिव्याचा पिवळा उजेड, सगळं बिनचूक. चुकलाय तो फक्त दोघांचा शेजार.

माग्रित अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं अशक्य काही रंगवणाऱ्यांपैकी. अतिवास्तववाद म्हटलं की लोकांना वितळणारी घड्याळं आठवतात, ती दाली या स्पॅनिश चित्रकाराची. माग्रित (1898–1967) काहीच वितळवत नाही. तरुणपणी त्यानं वॉलपेपरच्या कारखान्यात डिझाइनं काढली, पोटासाठी जाहिराती केल्या. हात तसाच राहिला, साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरसारखा साफ.

या चित्राचं नाव 'प्रकाशाचं साम्राज्य'. 1949 पासून हाच विषय त्यानं पुन्हा पुन्हा रंगवला. तुम्ही पाहिलेलं 1954 चं. पण नावावरून अर्थ काढायला जाल तर फसाल. त्याचं 1953 चं एक चित्र ह्यूस्टनला आहे. लाल छपरांच्या घरांसमोर कोट-टोपीतली माणसं पावसाच्या थेंबांसारखी हवेत टांगलेली. नाव काय, तर 'गोवळकोंडा'! आपण रात्री गाडीत बसून सकाळी हैदराबादला उतरतो आणि बघायला जातो, तोच. नाव सुचवलं लुई स्क्युतनेर या त्याच्या कवी मित्रानं. चित्रात ना किल्ला, ना हिरा. 'काहून बाप्पा?' असं मीही पहिल्यांदा म्हणालो होतो.

आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या 1863 च्या म्युझियमला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. माझ्या मते ते नाव ब्रुसेल्सच्या त्या इमारतीलाच जास्त शोभलं असतं.

तर पाहुण्यांना अर्थबिर्थ सांगत बसू नका. पोस्टकार्ड हातात द्या. आधी तळहातानं खालचा अर्धा भाग झाकायला सांगा, मग वरचा. दोन्ही वेळा काहीच खटकणार नाही. मग म्हणा, आता हात काढा. आणि तुम्ही चहा टाकायला आत जा.