रात्री साडेअकराला बदललेली ‘फर्स्ट चॉइस’

प्रिय मैत्रीण,

तुमची लेक नॅशनल मेरिटची, म्हणजे अमेरिकेतल्या हुशार बारावीकरांच्या शिष्यवृत्तीची, फायनलिस्ट झाली आणि पेढे राहिले बाजूला, घरात धुसफूस सुरू झाली. तिचा जीव एका आयव्ही लीग कॉलेजात, म्हणजे अमेरिकेतल्या आठ नामांकित जुन्या विद्यापीठांपैकी एकात, अडकलाय, म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जात फर्स्ट चॉइसच्या, म्हणजे पहिल्या पसंतीच्या कॉलेजच्या, रकान्यात तिने ‘अनडिसायडेड’ (अजून ठरलं नाही) ठेवलं होतं. तुमच्या यजमानांनी रात्री साडेअकराला तिच्या लॉगिनने शिरून तिथे टेक्सास विद्यापीठ, डलास टाकलं, आणि वर तुम्हाला बजावलं, “तिला इतक्यात सांगू नकोस.” चार दिवस डबा भरताना तुम्ही तिची नजर चुकवताय.

आधी पैशाचं बोलते. ती नोंद म्हणजे प्रवेश नव्हे. नाव लिहिलं म्हणून तिथेच शिकायची सक्ती नाही, आणि त्या विद्यापीठाने नॅशनल मेरिटचं बक्षीस देऊ करेपर्यंत नाव बदलताही येतं. एकदा देऊ केलं, की मात्र दुसऱ्या कॉलेजकडून ते मिळत नाही. नोंद कधीपर्यंत चालते, ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं. ते लेकीनेच ईमेल करून विचारावं.

यजमानांचा हिशेब चुकलेला नाही, हे तुम्हाला आवडणार नाही, पण सांगते. आयव्ही लीगची आठही कॉलेजं हुशारीवर पैसे देत नाहीत, घरची ऐपत बघून देतात. त्यांचं नाव पहिलं लिहून एक डॉलरही सुटायचा नाही. नॅशनल मेरिटचं २५०० डॉलरचं एकरकमी बक्षीस फर्स्ट चॉइस बघत नाही, पण चार वर्षांच्या खर्चापुढे ते किती पुरणार? कॉलेजतर्फे मिळणारं बक्षीसही वर्षाला ५०० ते २००० डॉलरचंच. मोठी रक्कम डलाससारखी विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून वर घालतात, आणि त्यासाठी त्यांचं नाव पहिलं लागतं. ‘अनडिसायडेड’वर ते दार उघडत नाही.

म्हणजे नोंद शहाणपणाचीच होती. फक्त ती चोरून केली.

तेव्हा आज रात्री यजमानांनीच तिला सांगायचं. तुम्ही मध्ये पडून “बाबांचा हेतू चांगला होता” असं सारवासारव करू नका. ती चिडेल, दार आपटेल, आपटू दे. नोंद ठेवायची की पुसायची, हे मग तिने ठरवायचं, कारण अर्ज तिचा आहे.

पण तिने ठरवायचं कशावर? पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, “तिला आम्ही कधी पैशाची झळ लागू दिली नाही.” सतरा वर्षं ‘तू अभ्यास कर, बाकी आम्ही बघू’ म्हणायचं आणि अठराव्या वर्षी तिला पैशाची अक्कल नाही म्हणून लॉगिनमध्ये शिरायचं, हे काही बरं नाही. वर्षाला तुम्ही किती देऊ शकता आणि किती कर्ज काढावं लागेल, हे दोन आकडे तिच्यासमोर ठेवा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता घरातून किती भरावे लागतील याचा अंदाज तो देतो. तो तिघांनी शेजारी बसून भरा. घरचं उत्पन्न तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळेल. कळू दे.

आयव्हीचा निकाल मार्चअखेरीस लागतो, प्रवेश पक्का करायची अनामत बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत भरायची असते. तिथे तिचं नाव लागलंच नाही, तर सगळं भांडण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

आणि हो, पासवर्ड तिला बदलू द्या. नवा विचारू नका.

तुमची,
ताई