‘घरात फ्रिज एकच आहे ना!’ : चिनी विद्यार्थी आणि ‘अ’, ‘द’

तुमचा प्रश्न असा, की तीन प्रौढ चिनी विद्यार्थ्यांना तुम्ही दोन वर्षं ऑनलाइन इंग्रजी शिकवताय. शब्दसंग्रह उत्तम, पण आर्टिकल, म्हणजे नामाआधीचे ‘अ’ आणि ‘द’, गळतातच. नियमांचा तक्ता पाठ करून घेतला, चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले आणि बोलायला लागले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ‘माझं काय चुकतंय?’

फारसं काही नाही. तक्ता मात्र काही महिने कपाटात ठेवा.

मीही बरीच वर्षं हेच करतोय. शांघायकडची एक विद्यार्थिनी होती, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. एकदा तिने सकाळचा प्रसंग सांगितला : ‘आय ओपन्ड फ्रिज, ओल्ड मिल्क वॉज देअर, आय थ्रू मिल्क.’ मी सवयीने विचारलं, कुठला फ्रिज? तिने माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. म्हणाली, ‘सर, घरात फ्रिज एकच आहे. गोंधळ कुणाचा होणार?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण बाईंचं बरोबर होतं. ऐकणाऱ्याला वस्तू ओळखता येते की नाही याचं भान तिला पुरेपूर होतं. ओळख उघड असली तरी इंग्रजी ती शब्दाने पुन्हा सांगायला लावते, हे तिला पटत नव्हतं.

तुम्ही मराठी आहात, तेव्हा हे तुम्हाला चटकन कळेल. ‘घरी पाहुणे आले’ आणि ‘पाहुणे घरी आले’ ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कुणीतरी अवचित टपकलं. दुसऱ्यात ज्यांची वाट बघत होतो ते पोचले. आर्टिकल कुठेच नाही, सगळं काम शब्दांच्या जागेने केलं. चिनीत अगदी हेच होतं : ‘खरन लाय ल’ म्हणजे ठाऊक असलेले पाहुणे आले, ‘लाय खरन ल’ म्हणजे कुणी पाहुणे आलेत. नाम क्रियापदाच्या आधी की नंतर, यावरून बरंचसं ठरतं. म्हणून ‘चिनी लोकांना निश्चित-अनिश्चित ही कल्पनाच नसते’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. कल्पना आहे, ती दाखवायची जागा वेगळी आहे.

रॉबर्टसन यांनी 2000 साली 18 चिनी विद्यार्थ्यांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आर्टिकल वाटेल तिथे गळत नाही, हा त्यातला माझ्या कामाचा भाग. संदर्भावरून जे कळतंच ते ही मंडळी गाळतात. आधीच्या नामाला आर्टिकल लावलं असेल, तर त्याच्याच कक्षेत येणाऱ्या पुढच्या नामाला लावायची गरज त्यांना वाटत नाही. आणि काही जण ‘द’च्या जागी ‘धिस’, ‘अ’च्या जागी ‘वन’ वापरतात. चिनीतले ‘हा’ आणि ‘एक’ तिथे येऊन बसतात. तुमचे विद्यार्थी ‘वन मॅन केम, धिस मॅन सेड’ असं बोलत असतील तर त्यावर लाल रेघ मारू नका. तो पूल आहे, त्यावरून त्यांना येऊ द्या.

तुम्ही लिहिलंय, की एकाने अचानक सगळीकडे ‘द’ घालायला सुरुवात केली. घाबरू नका. ह्यूबनर यांनी हवाईत राहणाऱ्या एका ह्मोंग (लाओसकडची भाषा) भाषकाचं इंग्रजी वर्षभर टिपलं होतं (1983 चं पुस्तक). त्यानेही मध्ये जवळजवळ प्रत्येक नामाला ‘द’ चिकटवला आणि पुढे जिथे नको तिथून तो आपोआप काढत गेला. पूर येतो आणि ओसरतो.

आता खरी अडचण, जिच्याकडे तक्ता बघतही नाही. ‘अ’ लावायचा की नाही, हे कळायला आधी नाम मोजण्याजोगं आहे का हे माहीत हवं. चिनीत जवळजवळ सगळी नामं आपल्या मेथीसारखी वागतात. आपण ‘दोन मेथी’ म्हणत नाही, ‘दोन जुड्या मेथी’ म्हणतो. चिनी माणूस पुस्तकालाही तसंच वागवतो : ‘ई बन शू’, म्हणजे एक, मग पुस्तकांसाठीचा ‘बन’ हा मापशब्द, मग पुस्तक. सपाट वस्तूंना वेगळा मापशब्द, लांबट वस्तूंना वेगळा. अशा डोक्याला ‘बुक’ मोजता येतं आणि ‘फर्निचर’ येत नाही, हे कशावरून कळावं? ‘ॲन ॲडव्हाइस’ आणि ‘मेनी रिसर्चेस’ येतात ते इथून. हे आधी दुरुस्त केल्याशिवाय ‘अ’वर घालवलेला वेळ फुकट. प्रत्येक नवा शब्द वहीत ‘अ चेअर’, ‘सम फर्निचर’ असा जोडीनेच लिहायला लावा.

दुसरी जागा विशेषणाची. ‘द बॉक्स’ नीट म्हणणारा ‘ब्लू बॉक्स’ म्हणताना ‘द’ टाकून देतो. दानियेला ट्रेंकिच यांनी हे सर्बियन भाषकांमध्ये दाखवलं, त्यांच्याकडेही आर्टिकल नाही. त्यांचं म्हणणं, की असे विद्यार्थी ‘द’ला विशेषणासारखंच एक ऐच्छिक वर्णन समजतात आणि डोक्यावर भार वाढला की तेच पहिलं टाकतात. माझ्या चिनी विद्यार्थ्यांतही मला हे नेहमी दिसतं. म्हणून सराव ‘बॉक्स’चा नको, ‘छोटा निळा बॉक्स’चा हवा.

आयनिन, को आणि वेक्सलर यांचा 2004 चा सिद्धांत तुम्ही विचारलाय. रशियन आणि कोरियन भाषक कधी ‘ऐकणाऱ्याला माहीत’ तर कधी ‘माझ्या मनात ठरलेलं’ या निकषावर ‘द’ वापरतात, असा तो आहे. आपल्या ‘एक’ आणि ‘एखादा’मधला फरक आठवा : ‘एक डॉक्टर शोधतोय, नाव विसरलो’ आणि ‘एखादा डॉक्टर शोधतोय’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘अ’च, पण पहिल्या वाक्यात त्यांचा हात ‘द’कडे जातो. चिनी भाषकांच्या बाबतीत मात्र हे तितकं ठळक दिसलेलं नाही. तुमच्या वर्गासाठी त्यात फार अडकू नका.

करायचं काय? बिचनर यांनी ऑकलंडमध्ये फक्त दोनच वापरांवर लेखी दुरुस्त्या दिल्या : पहिल्या उल्लेखाला ‘अ’, पुढच्या उल्लेखांना ‘द’. दोन महिन्यांनीही फरक टिकला होता (2008). मीही एवढंच धरतो. नद्या, पर्वत, ‘इन हॉस्पिटल’ वगैरे सगळं माळ्यावर. एक जण चित्र बघून सांगतो, दुसरा न बघता काढतो. चित्रात दोन निळे डबे आणि एक लाल असला, की ‘द’ कुठे चुकला ते कागदावरच दिसतं, मला बोलावं लागत नाही. त्या बँकेतल्या बाई ‘द’ पहिल्यांदा मनापासून म्हणाल्या त्या याच खेळात, कारण समोरच्याने भलताच डबा रंगवला होता.

एक कळवा : तिघांपैकी कुणाची घरची भाषा कॅन्टोनीज, म्हणजे हाँगकाँगकडची चिनी, आहे का? तिथे वाक्याच्या सुरुवातीला नुसता मापशब्द आणि नाम, ‘झेक गाउ’, म्हटलं की ‘तो ठाऊक असलेला कुत्रा’ असा अर्थ होतो. मँडरिनमध्ये, म्हणजे वरची उदाहरणं जिच्यातली आहेत त्या प्रमाण चिनीत, हे चालत नाही. तसं कुणी असेल, तर त्याला ‘द’ समजवायला मी तिथूनच सुरुवात करेन.