कॅज्युअल्टीतून घरी सोडलेल्या ७८ वर्षांच्या वडिलांना पुढे किती धोका आहे, हे डॉक्टर कसं ठरवतात?

नुसत्या वयावरून तर नाहीच. नाडी, बीपी, ऑक्सिजन, श्वासाची गती यांवरून पुढच्या काही तासा-दिवसांचा अंदाज येतो. ब्रिटनमधल्या न्यूज-२ या धोका मोजणाऱ्या गुणांकनात नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला थेट ३ गुण आहेत. काल नातवंडांना नावाने हाक मारणारे आजोबा आज सारखे पेंगतायत, भलतंच बोलतायत, तर "वयामुळे होतं" म्हणून सोडू नका.

पुढच्या काही महिन्यांसाठी मात्र मुख्य प्रश्न वेगळा असतो: आजारापूर्वी ते कसे होते? कॅनडात २००५ साली आलेली क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, म्हणजे थकलेपणाची, अशक्तपणाची मोजपट्टी, हेच मोजते. आता तिच्यात १ ते ९ पायऱ्या आहेत. बँकेच्या कामाला, प्रवासाला मदत लागते म्हणजे साधारण ५. जिना चढायला त्रास, आंघोळीला कुणीतरी हवं, म्हणजे ६. पायरी जितकी वरची, तितका धोका जास्त. गंमत म्हणजे यात आजची नव्हे, साधारण दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती धरतात, आणि ती डॉक्टरांपेक्षा घरच्यांनाच ठाऊक असते. तेव्हा कौतुकाने "एकदम ठणठणीत होते हो" असं सांगू नका, खरं सांगा.

बाकी हे आकडे गटाचे असतात. तुमच्या वडिलांची तारीख त्यात लिहिलेली नसते.