भिंतीपलीकडची घरघर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गेले चार महिने रात्री अकरानंतर माझ्या झोपण्याच्या खोलीत एक मंद, अखंड घरघर ऐकू येते. दिवसा ती जाणवत नाही. गॅलरीत गेले की जवळजवळ नाहीशी होते आणि खिडक्या लावून घेतल्या की उलट वाढल्यासारखी वाटते. शेजाऱ्यांना विचारायचे, तर नेमके कोणाचे दार ठोठवावे हेच कळत नाही.

उत्तर : कोणाचेही दार ठोठावण्याआधी आपल्याच घराचा मेन स्विच बंद करावा. बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर तोही बंद करावा आणि अंधारात पाच मिनिटे स्वस्थ बसून ऐकावे. हा सल्ला वाचकांना अपमानास्पद वाटतो, याची मला कल्पना आहे. परंतु शेजाऱ्यांवर महिनोन्‌महिने धरलेला संशय मेन स्विचच्या एका खटक्याने विरताना मी अनेकदा पाहिला आहे. एका घरी तर दारावरच्या घंटीचा तळहाताएवढा ट्रान्सफॉर्मर लाकडी कपाटाच्या पाठीला स्क्रूने आवळून बसवलेला होता. ते कपाट सतारीच्या भोपळ्याचे काम करत होते आणि त्याचा आवाज वरच्या मजल्यावरून येतो, अशी घरातल्या सर्वांची खात्री झालेली होती.

मेन बंद करूनही घरघर तशीच राहिली, तर तिचा स्वभाव ओळखावा. मोबाइलवर ध्वनीचा वारंवारतेनुसार आलेख दाखवणारी अ‍ॅप मिळतात. आलेखात 100 हर्ट्झवर, किंवा जिथे वीजपुरवठा 60 हर्ट्झचा आहे तिथे 120 हर्ट्झवर, सुईसारखे स्थिर टोक दिसले, तर प्रथम ट्रान्सफॉर्मर, चोक यांसारख्या लोखंडी गाभ्याच्या वस्तूवर संशय घ्यावा. चुंबकत्व बदलते तसा गाभ्याचा पोलादी पत्रा किंचित लांबतो आणि आखडतो. हा फरक मीटरमागे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. प्रवाहाच्या दोन्ही अर्धचक्रांत तो एकेकदा घडत असल्यामुळे आवाजाची वारंवारता विजेच्या दुप्पट येते. रात्री वापर घटल्यामुळे पुरवठ्याचा दाब (व्होल्टेज) थोडा वाढलेला असेल, तर हा गुंजारवही वाढतो. त्यातच रस्त्यावरचा गलबला थांबल्यामुळे त्याला झाकणारे काही उरत नाही. खिडक्या लावल्यावर तो वाढल्यासारखा वाटतो, त्याचे कारणही हेच आहे : काच उंच पट्टीचे आवाज अडवते, खर्जाला मात्र फारशी अडवत नाही.

याउलट आवाज एका लयीत चढत-उतरत असेल, म्हणजे दर तीन-चार सेकंदांनी फुगत आणि ओसरत असेल, तर दोन मोटारी जवळजवळ सारख्याच गतीने फिरत आहेत असे समजावे. एक मिनिटाला 1440 फेरे आणि दुसरी 1455 फेरे घेत असेल, तर त्यांच्यात सेकंदाला पाव फेऱ्याचा फरक पडतो आणि दर चार सेकंदांनी एक हेलकावा ऐकू येतो. एकाच वीजजाळ्यावरच्या दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये असा हेलकावा संभवत नाही, कारण दोघांची वारंवारता तंतोतंत एक असते. आवाज काही मिनिटे चालून थांबत असेल, तर फ्रिज, वातानुकूलन यंत्र किंवा दाबावर आपोआप सुरू होणारा पंप असावा. ऊन असेपर्यंतच ऐकू येत असेल, तर सौर पॅनेलचा इन्व्हर्टर तपासावा.

आपल्या खोलीबद्दल आणखी एक गोष्ट. 100 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे 3.4 मीटर असते आणि झोपण्याच्या खोल्या बहुधा याच मापाच्या आसपास असतात. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये लहर अडकते आणि भिंतीलगत व खोलीच्या मध्यावर आवाज सर्वांत मोठा, तर भिंतीपासून सुमारे 85 सेंटिमीटरवर सर्वांत क्षीण होतो. भिंतीला टेकलेल्या उशीवर डोके ठेवून ऐका आणि मग हळूहळू पुढे सरकत या. फरक स्पष्ट जाणवला, तर पलंग तेवढा पुढे ओढा. मूळ आवाज यामुळे तसूभरही कमी होणार नाही, परंतु त्याचा शोध लागेपर्यंत आपल्याला झोप मिळेल.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे युनिट आमच्या सामायिक भिंतीवर आहे. आम्ही सांगितल्यावर त्यांनी समजूतदारपणे खाली रबरी पॅड बसवून घेतले. आवाज कमी झालाच नाही. माझ्या पत्नीच्या मते तो वाढला आहे. पॅड निकृष्ट आहेत का?

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पॅडचा दर्जा कदाचित उत्तमच असेल, पण तो त्या यंत्राच्या मानाने फार टणक आहे. यंत्राच्या वजनाखाली पॅड जितका दबतो, त्यावर त्याची स्वतःची झुलण्याची वारंवारता ठरते. ढोबळ हिशेब असा : पॅड किती मिलिमीटर दबतो त्या आकड्याच्या वर्गमुळाने 15.8 ला भागावे. पॅड अर्धाच मिलिमीटर दबत असेल, तर उत्तर 22 हर्ट्झ येते. मिनिटाला 1440 फेरे घेणाऱ्या मोटारीचे कंपन 24 हर्ट्झचे असते, म्हणजे पॅड आणि मोटार एका तालात येतात आणि भिंतीला पोहोचणारा हादरा पूर्वीपेक्षा मोठा होतो. तोच पॅड 4 मिलिमीटर दबणारा असता, तर उत्तर 8 हर्ट्झच्या घरात आले असते आणि हिशेबाने हादऱ्याचा जेमतेम आठवा भाग भिंतीत उतरला असता. रबर कंपनाखाली थोडे अधिक ताठर वागते, म्हणून प्रत्यक्षात लाभ याहून कमी मिळतो. तरीही फरक मोठा असतो. इन्व्हर्टर पद्धतीच्या कंप्रेसरची गती बदलत राहते, त्यामुळे तिथे सर्वांत मंद गतीचाच विचार करून पॅड निवडावा लागतो. वजन सांगून, किती मिलिमीटर दबेल हे विचारून माल घ्यावा. तेवढे दबणारे पॅड अनेकदा मिळतच नाहीत. मग स्प्रिंगचे आधार घ्यावे लागतात.

पॅड बदलण्यापूर्वी हादऱ्याला दुसरी वाट तर नाही ना, हेही पाहावे. पॅडमधून आरपार आवळलेला बोल्ट लोखंडी चौकटीला थेट टेकत असेल, तर पॅड असून नसल्यासारखाच असतो. तांब्याची नळी भिंतीला क्लॅम्पने घट्ट धरलेली असते, भिंतीच्या भोकात ती सिमेंटने पक्की केलेली असते, आणि सारे कंपन तिथूनच आत येते. लाकडी काठीचे एक टोक भिंतीला आणि दुसरे कानामागच्या हाडाला टेकवून भिंतीवर जागोजाग ऐकत गेल्यास ही जागा बहुधा सापडते. (काठी भिंतीलाच लावावी, चालू यंत्राला नव्हे.) शेजारी समजूतदार आहेत, हे आपले भाग्य आहे. ते युनिट भिंतीवरून काढून जमिनीवर किंवा गच्चीवर वेगळ्या पायावर बसवण्याची तयारी त्यांनी दाखवली, तर पॅडचा सगळा हिशेब बाजूला ठेवून तोच मार्ग स्वीकारावा.

प्रश्न : भिंतीवर ध्वनिशोषक फोम लावल्यास शेजारच्या पंपाचा आवाज थांबेल का?

उत्तर : नाही. फोम खोलीतला उंच पट्टीचा घुमारा शोषतो. खर्ज शोषण्यासाठी त्याची जाडी लहरीच्या चौथ्या हिश्शाच्या तोडीची लागते. 100 हर्ट्झसाठी ती 85 सेंटिमीटर भरेल. शिवाय भिंतच कंप पावत असेल, तर फोम हा केवळ तिच्या अंगावरचा सदरा ठरतो. तोच खर्च शेजाऱ्याच्या पंपाच्या पायावर केला, तर दोन्ही घरांना उपयोग होईल. हे विचित्र वाटले तरी अनेकदा तेच स्वस्त पडते.

प्रश्न : आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी अभ्यासाच्या खोलीत बारीक, टोचणारी शीळ ऐकू येते. आम्हा दोघांना काहीच ऐकू येत नाही. ती टाळाटाळ करते आहे, असे समजावे का?

उत्तर : तसे कृपया समजू नये. वय वाढते तशी उंच पट्टीची श्रवणशक्ती सर्वांत आधी क्षीण होते; चौदाव्या वर्षी सहज ऐकू येणारी 16 हजार हर्ट्झची शीळ पन्नाशीत बहुधा ऐकूच येत नाही. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि उंदीर-डास पळवण्यासाठी विकली जाणारी ‘अश्राव्य’ ध्वनीची यंत्रे अशी शीळ घालतात. ही पट्टी भिंतीतून सहसा जात नाही, त्यामुळे वस्तू त्याच खोलीत किंवा उघड्या खिडकीसमोर असणार. मुलीलाच एकेक प्लग काढायला सांगावे. ती तुमच्यापेक्षा लवकर शोधून काढेल.

प्रश्न : मला ऐकू येणारी घरघर घरात दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही. दोन तंत्रज्ञ येऊन गेले, त्यांनाही काही सापडले नाही. आता घरचे लोक मला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवतात.

उत्तर : इथे दोन शक्यता आहेत आणि त्यांपैकी कोणतीही वेडेपणाची नाही. पहिली, आवाज खरोखर आहे आणि आपले कान खर्जाला इतरांपेक्षा तीक्ष्ण आहेत. दुसरी, आवाज कानातच निर्माण होतो. कर्णनादाचा हा प्रकार नेहमीच्या शिटीऐवजी दूरच्या इंजिनासारखा ऐकू येऊ शकतो. या दोन्ही एकाच गावात एकत्र नांदू शकतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावात अशाच तक्रारींवरून 2003 साली तपास झाला, तेव्हा दोन कारखान्यांतून येणारे 36 आणि 10 हर्ट्झचे स्वर सापडले. ते दुरुस्त झाल्यावरही काही रहिवाशांची घरघर थांबली नाही. त्याआधी न्यू मेक्सिकोतील टाओस येथे 1990च्या दशकात तज्ज्ञांनी उपकरणे लावून शोध घेतला होता, तिथे बाहेरचा कोणताही स्रोत हाती लागला नाही.

आपण घरच्या घरी एवढे करून पाहू शकता. फोमचे बोळे कानात नीट बसवून ऐकावे : घरघर कमी झाली तर ती हवेतून येत असावी, तशीच राहिली किंवा वाढली तर कानातली असण्याचा संभव अधिक. मात्र ही कसोटी निर्णायक नाही, कारण बोळे खर्जाला कमी अडवतात आणि कान बंद झाल्यावर शरीराचे स्वतःचे आवाजही मोठे वाटतात. अधिक भरवशाची कसोटी म्हणजे दूर कुठेतरी, वेगळ्या बांधणीच्या घरात दोन-तीन रात्री राहून पाहणे. घरघर सोबत आली, तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे जाण्यातही कमीपणा नाही, पण तो आवाज खोटा ठरवण्यासाठी नव्हे. महिनोन्‌महिने कान टवकारून झोपणाऱ्या माणसाचा मेंदू तोच आवाज वेचून काढायला शिकतो, आणि ही सवय मोडण्यासाठी मदत लागते. तोवर रात्री पंखा किंवा पावसासारखा भरीव आवाज हळू लावून ठेवावा. संपूर्ण शांतता अशा वेळी शत्रूसारखी वागते.

प्रश्न : शेजारच्या इमारतीच्या यंत्रखोलीविरुद्ध तक्रार केली. मोजणीत माझ्या खोलीत 31 डेसिबल भरले आणि ‘आवाज क्षुल्लक आहे’ असा शेरा मिळाला. मग मला झोप का लागत नाही?

उत्तर : ती मोजणी बहुधा ‘ए’ भारांकनाने केलेली असावी. ही पद्धत कानाच्या धाटणीने खर्जाचे वजन कमी धरते : 100 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल आणि 50 हर्ट्झला सुमारे 30 डेसिबल वजा होतात. म्हणजे कागदावरचे 31 डेसिबल एकट्या 100 हर्ट्झच्या स्वराचे असतील, तर प्रत्यक्ष दाब 50 डेसिबलचा असतो, आणि त्या वारंवारतेला कानाचा उंबरठा 27 डेसिबलच्या आसपास आहे. आपल्याला तो स्पष्ट ऐकू येतो, यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीतील सततच्या आवाजासाठी 30 डेसिबल ही पातळी दिलेली आहे, आणि आवाजात खर्ज ठळक असल्यास याहूनही कमी पातळी हवी असे तिथेच नमूद केलेले आहे.

फेरमोजणीचा अर्ज करताना एक-तृतीयांश सप्तकाच्या पट्ट्यांत (म्हणजे खर्जापासून उंच पट्टीपर्यंत प्रत्येक अरुंद पट्ट्याचा आकडा वेगळा), रात्रीच्या वेळी आणि यंत्र चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत मोजणी व्हावी, अशी लेखी मागणी करावी. चालू-बंदचा फरक हाच सर्वांत बळकट पुरावा असतो. आठवडाभर वहीत आवाज सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ मिनिटासह लिहावी, आणि ती यंत्रखोलीच्या नोंदींशी ताडून पाहण्याची विनंती करावी. ‘असह्य’, ‘भयंकर’ अशी विशेषणे त्या वहीत नसावीत. 2 वाजून 14 मिनिटांनी सुरू, 2 वाजून 31 मिनिटांनी बंद, एवढे पुरते.

प्रश्न : माझी बाजू उलट आहे. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाची तक्रार आहे की आमच्या पाण्याच्या पंपामुळे त्यांचे बाळ दचकून उठते. पंप पाच वर्षे तिथेच आहे, आजवर कोणी बोलले नाही.

उत्तर : पाच वर्षांत पंप तोच राहिला असेल, त्याचे बेअरिंग मात्र तेच राहिलेले नाही. झिजलेले बेअरिंग आधी हलकी खरखर करते आणि मग रडू लागते. मेकॅनिकला बोलावून तेवढे बदलून घ्यावे. बाळ दचकते, याचा अर्थ त्रास अखंड घरघरीचा नसून पंप सुरू होतानाच्या धक्क्याचा असावा. नळ किंचित गळत असेल, तर दाब उतरून पंप रात्रभर सुरू-बंद होत राहतो, म्हणून प्रथम घरातले सर्व नळ आणि फ्लशची टाकी तपासावी. पंप आणि नळी यांच्यामध्ये लवचिक रबरी जोड घालावा आणि नळीच्या प्रत्येक क्लॅम्पखाली रबराची पट्टी द्यावी. हे होईपर्यंत रात्री पंपाचा स्विच बंद ठेवावा आणि तसे खाली जाऊन सांगावे. त्यानंतरही बाळ उठू लागले, तर कारण दुसरीकडे शोधायला तुम्ही दोघे मिळून मोकळे.