मासे पकडायला गेल्यावर हवामान बिघडून अडकलो तर निघायचं की थांबायचं?

तुम्ही विचारलंय की मित्रांबरोबर होडीने तलावातल्या बेटावर दोन दिवस मासे पकडायला जाताय, मध्येच वादळ-पाऊस आला तर लगेच परत निघावं का तिथेच थांबावं, आणि सोबत काय न्यावं. मी बरीच वर्षं गळ टाकतोय, शिकारीला कधी गेलो नाही, पण हवामानाच्या बाबतीत दोघांची गत एकच असते.

थोडक्यात सांगायचं तर थांबा. पायाखाली जमीन असेल, जागा पाण्याच्या वर असेल आणि अंगावर पांघरायला काही असेल तर थांबा. रात्र हाल काढत जाईल, झोप होणार नाही, घरचे चिडतील, उद्याचं काम बुडेल, पण हे सगळं नंतर निस्तरता येतं. माणसं जास्त करून दगावतात ती परत यायच्या धडपडीत, अंधारात, लाटांत, भिजलेल्या अंगाने. आणि ही धडपड वादळापेक्षा "उद्या सकाळी ऑफिस आहे", "घरी सांगितलंय आठला येतो" असल्या कारणांनी होते, म्हणून हे कारण घरून निघतानाच काढून टाकायचं, त्याबद्दल खाली लिहितो.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे, 11 नोव्हेंबर 1940 चं. त्या दिवशी सुट्टी होती आणि सकाळी त्या दिवसांच्या मानाने हवा चांगलीच उबदार होती, त्यामुळे मिनेसोटा आणि आजूबाजूच्या भागातले कितीतरी लोक साध्या जाकिटावर मिसिसिपी नदीतल्या बेटांवर बदकांच्या शिकारीला गेले. वादळाच्या पुढे पळत बदकांचे थवेच्या थवे खाली उतरायला लागले, अशी शिकार कधी मिळाली नव्हती म्हणून लोक थांबून राहिले, आणि मग बघता बघता वारा फिरला, पाऊस, मग बर्फ, तापमान धाडकन गोठणबिंदूच्या खाली. नदीत एवढ्या लाटा उठल्या की छोट्या होड्या चालवणं अशक्य झालं. काही जण परत यायच्या प्रयत्नात बुडाले, काही भिजलेल्या कपड्यांत बेटावरच गोठले. एकट्या मिनेसोटात 49 माणसं गेली आणि त्यातले जवळपास निम्मे बदकांचे शिकारी होते. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांनी होडी उलटी करून तिच्या आडोशाला रात्र काढली, मिळेल ते जाळलं, एकमेकांना झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅक्स कॉनरॅड नावाच्या वैमानिकाने अजून वारा जोरात असताना छोटं विमान काढलं, अडकलेले लोक शोधून त्यांना डब्यांतून खाणं आणि काडेपेट्या टाकल्या आणि सुटकेला आलेल्या होड्यांना वरून वाट दाखवली.

मला यातली बदकांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गळ सारखा ओढला जात असतो तेव्हा कोणीही मान वर करून आकाश बघत नाही, आणि हवा बदलायच्या आधी मासे जोरात लागतात असं पुष्कळ जणांचा अनुभव सांगतो. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये एक जण पाळीपाळीने फक्त आभाळाकडे बघतो, त्याने "पुरे" म्हटलं की वाद घालायचा नाही, मोठा मासा लागलेला असला तरी.

आता बेटाबद्दल, कारण तुम्ही तिथेच जाताय. बेटाच्या ज्या बाजूला आडोसा असतो तिथे पाणी नेहमी फसवं शांत दिसतं. आम्ही असेच एकदा अडकलो होतो, संध्याकाळी पाऊस जरा ओसरला आणि आमच्यातला एक जण होडीचा दोर सोडायलाच लागला, बघा की आता काही नाहीये म्हणे. मी म्हटलं आधी पलीकडे जाऊन बघू. झाडीतून दोन मिनिटं चालत बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो तर मधल्या मोकळ्या पाण्यावर नजर जाईल तिथपर्यंत पांढरा फेस, वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. वाऱ्याला जितकं लांबवर मोकळं पाणी मिळतं तितक्या लाटा मोठ्या होत जातात, काठाजवळ गुडघ्याएवढी असलेली लाट मध्यावर होडीत शिरते. त्याने मुकाट्याने दोर परत बांधला.

मग आम्ही उजेड असतानाच कामाला लागलो, हे फार महत्त्वाचं, अंधार पडल्यावर साधी गाठ मारायला पण तिप्पट वेळ लागतो. होडी ओढून पाण्यापासून चांगली लांब घेतली आणि उलटी करून बांधली. ताडपत्री उंच तंबूसारखी न बांधता एकदम खाली बांधली, वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून त्यावर दगड, दुसरी बाजू कमरेएवढी, म्हणजे पाणी साचत नाही आणि वारा आत शिरत नाही. एकटं उंच झाड टाळलं. खाली पानं-फांद्यांचा जाड थर घातला आणि त्यावर लाईफ जॅकेट टाकून बसलो. लोक वरून पांघरायचं बघतात आणि खालचं विसरतात, पण ओल्या जमिनीवर नुसतं बसलात तर जमीन अंगातली ऊब शोषून घेत राहते, वर कितीही गुंडाळा. लाईफ जॅकेटमधला फोम त्यासाठी एक नंबर.

रात्री मधेच एका मित्राला जाकिटाची चेन लावता येईना. तो गंमत करतोय असं बाकीच्यांना वाटलं, पण तो शब्द पण ओढून बोलायला लागला होता. हेच ओळखायचं असतं. हुडहुडी भरणं, मग बोटं न ऐकणं, अडखळत बोलणं, धडपडणं, एकाएकी चिडणं किंवा गप्प होणं, हा अंग गार पडत चालल्याचा क्रम आहे. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि त्यासाठी बर्फच पाहिजे असं नाही, 10 अंशात भिजून वाऱ्यात बसलं तरी पुरतं. ज्याला होतं त्याला स्वतःला कळत नाही, तो मी ठीक आहे म्हणतच राहतो. त्याचे ओले कपडे काढून कोरडे घातले, दोघांच्या मधे बसवला, डोकं-मान झाकली, गोड कोमट पाणी घोट घोट दिलं (शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, ठसका लागून वेगळंच व्हायचं), तासाभरात गडी जाग्यावर आला. हातपाय चोळायचे नाहीत. आणि दारू तर अजिबात नाही, तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, गरम वाटतं पण आतली ऊब उलट लवकर जाते. कुडकुडणारा माणूस गरम न होताच कुडकुडायचा थांबला तर ते बरं होणं नाहीये, ती गंभीर वेळ आहे, त्याला आडवा ठेवून, हलवाहलव न करता मदत बोलवायची.

पाण्यात पडलात तर वेगळं गणित. गार पाणी तेवढ्याच गार हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने ऊब खेचतं. शिकवणारे 1-10-1 सांगतात ते लक्षात ठेवा: अगदी थंड पाण्यात पहिलं 1 मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात आणायचा, मग साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यात काय करायचं ते करून घ्यायचं, आणि शुद्ध जायला साधारण 1 तास असतो. म्हणजे बरेच लोक थंडीने मरायच्या आधी हात चालेनासे झाल्यामुळे बुडतात, आणि लाईफ जॅकेट अंगात असेल तरच तो एक तास तुमचा. होडीत ठेवलेलं जॅकेट तेव्हा घालता येत नाही. होडी उलटली तर तिला धरून राहा, जमेल तेवढं तिच्यावर चढा, काठ जवळ वाटतो तसा नसतो.

विजेचं सांगतो कारण मासे पकडणारे यात हलगर्जी करतात. चमकली की मोजायला लागा, आवाज यायला लागलेले सेकंद भागिले तीन म्हणजे साधारण तेवढे किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत गडगडलं तर ती टप्प्यात आली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्याजवळ परत जायचं नाही. आजचे बहुतेक रॉड कार्बन ग्राफाइटचे असतात आणि त्यातून वीज वाहते, उघड्या पाण्यावर तो उंच धरून उभं राहणं म्हणजे स्वतःहून आमंत्रण. रॉड खाली ठेवा, महाग असला तरी ठेवा.

तुमचा बेत बदलून नदीवर गेलात तर तिथे थांबायचा नियम उलटतो. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, मघाशी दिसणारा दगड दिसेनासा झाला, की सामान गोळा करत न बसता उंचावर जा. वेगाने वाहणारं फक्त 15 सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, 60 सेंटीमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं, त्यामुळे नदीतल्या खडकावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर मुक्काम कधीच नाही. गोठलेल्या तलावावर मासे पकडणाऱ्यांची तर अजून वेगळी तऱ्हा, फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या एरी सरोवरात वाऱ्याने बर्फाचा मोठा तुकडाच किनाऱ्यापासून तोडला आणि त्यावरच्या शंभराहून जास्त लोकांना हेलिकॉप्टर आणि बोटींनी काढावं लागलं, एक जण गेला.

आता ते घरच्यांचं. निघताना "संध्याकाळी येतो" एवढंच सांगू नका. कुठे जाताय, होडी कुठून सोडणार, किती जण, हे लिहून द्या आणि दोन वेळा सांगा: एक यायची आणि दुसरी "या वेळेपर्यंत काही कळलं नाही तर मदत बोलवा" अशी. दोन्हींत भरपूर अंतर ठेवा आणि मधल्या काळात आम्ही मुद्दाम थांबलेलो असू शकतो हे स्पष्ट बोला. एवढं केलं की बेटावर थांबताना पोटात गोळा येत नाही, आणि खरंच काही झालं तर शोधणाऱ्यांना कुठे बघायचं ते माहीत असतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवा, गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. रेंज अगदी कमी असेल तर कॉलपेक्षा साधा मेसेज जायची शक्यता जास्त.

सोबत न्यायचं म्हणाल तर ताडपत्री आणि दोर, हेडलॅम्प, दोन लायटर वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, लोकरीचा किंवा फ्लीसचा एक जोड आणि मोजे (सुती कपडे भिजले की अंगाला चिकटून गार करतात, लोकर ओली असली तरी थोडी ऊब ठेवते), एक दिवसाचं जास्तीचं खाणं-पाणी, पॉवर बँक, आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. तीन शिट्ट्या, थांबून परत तीन, ही मदतीची खूण आहे, ओरडून घसा जातो आणि वाऱ्यात ऐकूही जात नाही. हे सगळं होडीच्या डिकीत नको, पाठीवरच्या पिशवीत पाहिजे, होडी गेली तरी हाताशी राहील असं. आणि स्टोव्ह असेल तर बंद तंबूत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सकाळी पण घाई नको. वारा पडल्यावरही लाटा बराच वेळ राहतात. आधी होडीतलं पाणी काढा, इंजिन चालू करून बघा, फोन लागला तर घरी कळवा, मग पलीकडच्या टोकावरून मोकळं पाणी बघून या आणि फेस दिसत नसेल तरच दोर सोडा. तुमची होडी इंजिनाची आहे का वल्ह्याची, आणि कुठल्या दिवसांत जाताय ते कमेंटमध्ये लिहा, कारण नुसत्या वल्ह्यांवर असाल तर वारा वाढायला लागल्यावर निघायचा निर्णय अजून बराच आधी घ्यावा लागेल.